आरोग्य-परिचय : घडी चुकलेली प्रथिने आणि ॲड्रिनल ग्रंथीचे आनुवंशिक विकार



हिशेबाची पत्रके, विभागवार कामकाज आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला अहवालात दरवर्षी एका आजाराची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, असा आपल्या संस्थेचा जुना प्रघात आहे. आजवर या पानांवर मधुमेह, क्षयरोग, थॅलेसेमिया अशा विषयांवर लेख आले. यंदाचा विषय त्या मानाने अपरिचित आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या ॲड्रिनल नावाच्या दोन लहानशा ग्रंथी आणि त्यांचे जन्मजात, घराण्यातून येणारे विकार, हा तो विषय होय. हे विकार विरळा आहेत. परंतु ज्या घरात ते येतात तेथे एकामागून एक मूल दगावू शकते. वेळीच ओळखले गेले तर त्यांवरील औषध मात्र तोंडाने घ्यावयाच्या साध्या गोळीचे आहे. अशा आजारात माहितीनेच जीव वाचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासूनचे आमचे आयुष्य जमाखर्चात आणि रुग्णालयाच्या प्रशासनात गेले. बालरोग विभागातील डॉक्टरांनी कित्येक दुपारी समोर बसवून जे समजावून दिले, ते जसे उमगले तसे येथे मांडत आहोत. छपाईपूर्वी त्यांनी हा मजकूर वाचून दुरुस्त करून दिला आहे.

तीन केसपेपर

अहवाल वर्षातील एक घटना संबंधित कुटुंबाच्या संमतीने, नावगाव वगळून सांगत आहोत. चार वर्षांची एक मुलगी भल्या पहाटे आकडी आलेल्या अवस्थेत आमच्या अपघात विभागात आणली गेली. रक्तातील साखर तपासली असता ती अवघी ३१ निघाली. निरोगी मुलात ती ७० च्या वर असावयास हवी. शिरेतून ग्लुकोज देताच मूल शुद्धीवर आले. त्या रात्री कामावर असलेल्या निवासी डॉक्टर भगिनींनी आईला विचारले, "पूर्वी असे कधी झाले होते का?" आईने पिशवीतून आमच्याच रुग्णालयाचे दोन जुने केसपेपर काढून दिले. दोन्ही वेळी पहाटेच आकडी आली होती, दोन्ही वेळी साखर कमी असल्याची नोंद होती, आणि दोन्ही वेळी मूल ग्लुकोजने सावरल्यावर "तापातील फिट" असे निदान लिहून घरी पाठवले गेले होते.

डॉक्टरांनी तिन्ही कागद एकाशेजारी एक ठेवले. मग मुलीकडे नीट पाहिले. आईवडील दोघेही उजळ वर्णाचे होते. मुलगी मात्र सावळी होती, आणि तिच्या हिरड्या, बोटांचे सांधे व तळहातावरील रेषा काळसर पडल्या होत्या. आजीच्या मते ही दृष्ट होती. या मुलीच्या आधीचा भाऊ आठ महिन्यांचा असताना असाच पहाटे आकडी येऊन गेला होता. औषध देण्याआधी रक्ताचा नमुना घेतला गेला. त्याचा अहवाल आला तेव्हा कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात जवळजवळ नव्हतेच, आणि ते तयार करण्याची आज्ञा देणारे संप्रेरक मात्र कित्येक पटींनी वाढलेले होते.

आज्ञा सुटत होत्या. काम होत नव्हते. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी प्रथम ग्रंथीची ओळख करून घेऊ.

लहान ग्रंथी, मोठी जबाबदारी

प्रत्येक ॲड्रिनल ग्रंथीचे वजन मोठ्या माणसात जेमतेम चार-पाच ग्रॅम असते. तिच्या बाहेरील सालीत तीन थर असतात. सर्वांत वरचा थर अल्डोस्टेरॉन तयार करतो. ते शरीरातील मीठ व पाणी राखते. मधला थर कॉर्टिसॉल बनवतो. उपाशीपोटी साखर टिकवणे, रक्तदाब सांभाळणे, ताप, जखम वा शस्त्रक्रिया यांच्या ताणास शरीराला तोंड देता येणे, ही कॉर्टिसॉलची कामे होत. आतला थर पुरुषी गुणधर्माची संप्रेरके थोड्या प्रमाणात करतो.

कॉर्टिसॉल किती करावयाचे हे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ठरवते. ती एसीटीएच नावाचे, ३९ अमिनो आम्लांचे संप्रेरक रक्तात सोडते. हा झाला निरोप. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की निरोप थांबतो. कमी पडले की निरोपावर निरोप सुटतात. त्वचेच्या रंगपेशींनाही एसीटीएच चेतवते, म्हणून ते फार वाढले की कांती काळवंडते. आमच्या छोट्या रुग्णाच्या हिरड्यांचा रंग हा न पोहोचलेल्या निरोपांचा पुरावा होता. आणि रात्रभराच्या उपासानंतर, साखर टिकवण्याची सर्वाधिक गरज असताना कॉर्टिसॉल नसल्याने, आकडी नेमकी पहाटे येत होती.

लंडनच्या गायज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झाल्याने येणारी क्षीणता व त्वचेचा काळेपणा यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी यामागे बहुधा क्षयरोग असे. पुढे १९५९ साली अमेरिकेत शेपर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन सख्ख्या बहिणींची हकीकत नोंदवली. त्यांच्यात कॉर्टिसॉल नव्हते, परंतु मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन शाबूत होते. म्हणजे ग्रंथी नष्ट झालेली नव्हती, तिचे एकच काम बंद पडले होते. आमच्या रुग्णातही रक्तातील क्षार अगदी योग्य प्रमाणात होते. या आजारास आज वैद्यक 'कौटुंबिक ग्लुकोकॉर्टिकॉइड न्यूनता' म्हणते.

प्रथिनाची घडी

आपल्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. संप्रेरक ओळखणारी प्रथिनेच, संप्रेरक घडवणारीही प्रथिनेच. डीएनएवरील जनुकात प्रत्येक प्रथिनाचा नमुना लिहिलेला असतो. त्यानुसार पेशीत वीस प्रकारची अमिनो आम्ले मण्यांसारखी एकापुढे एक ओवली जातात. परंतु ओवलेली सरळ माळ काहीच काम करू शकत नाही. तिला ठरावीक घडी पडावी लागते.

नऊवारी लुगडे घडीतून काढले की ते नऊ वार लांबीचे सरळ कापड असते. निऱ्या, कासोटा आणि पदर ज्याच्या त्याच्या जागी गेले म्हणजे त्याचे वस्त्र होते. प्रथिनाचेही तसेच आहे. घडी कशी पडावी हे मण्यांच्या क्रमातच ठरलेले असते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अँफिन्सन यांनी दाखवून दिले व त्यासाठी त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रथिनांची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा त्याआधीच, १९६३ साली, मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला होता. तो आजही जगभर त्यांच्याच नावाने वापरला जातो, ही आपणा सर्वांस अभिमानाची बाब आहे.

माळेतील एक मणी बदलला तरी कित्येकदा काही बिघडत नाही. परंतु तो मणी मोक्याच्या वळणावर असेल तर सारी घडी विस्कटते. पेशीत यासाठी कडक तपासणी असते. पेशीच्या पृष्ठभागावर जाणारी प्रथिने प्रथम आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पापुद्र्यांच्या जाळ्यात तयार होतात. तेथे काही सोबती प्रथिने नव्या प्रथिनास नीट घडी पडावी म्हणून हात देतात. घडी जमली तर माल गॉल्गी संकुलाकडे व तेथून ठरल्या ठिकाणी रवाना होतो. जमली नाही तर तो अडवला जातो आणि मोडीत काढला जातो. कोणते प्रथिन कोठे जावयाचे याची खूण प्रथिनातच असते, हा शोध लावल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली, आणि पेशीतील मालवाहतूक कशी चालते हे उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन व सुडहोफ यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

रुग्णालयाच्या भांडारात काम केलेल्या कोणालाही हे सहज पटेल. यंत्र आले, पण तपासणीत नापास झाले तर ते भांडारातच पडून राहते. यंत्र उत्तम आहे, पण ते वॉर्डात नेणाराच कामावर नाही, तरी ते भांडारातच पडून राहते. वॉर्डातील रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. ॲड्रिनलच्या आनुवंशिक विकारांत नेमक्या या दोन्ही गोष्टी घडतात.

निरोप घेणारा दारापर्यंत पोहोचत नाही

ॲड्रिनलच्या पेशीवर एसीटीएचचा निरोप घेणारे एक ग्राही प्रथिन असते. ते २९७ अमिनो आम्लांचे असून पेशीच्या पटलातून सात वेळा आत-बाहेर ओवलेले असते. त्याचे जनुक १९९२ साली हाती आले. दुसऱ्याच वर्षी लंडनचे डॉ. एड्रियन क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रुग्णांत त्याच जनुकातील दोष दाखवला. कोडे सुटले असे वाटले. पण दोन गोष्टी जुळेनात.

पहिली गोष्ट अशी की, हाच आजार असलेल्या बऱ्याच कुटुंबांत ग्राहीचे जनुक अगदी निर्दोष निघाले. दुसरी अशी की, निर्दोष ग्राही प्रयोगशाळेत अन्य जातीच्या पेशींत तयार करवले असता ते काम करीना. ॲड्रिनलपासून वाढवलेल्या पेशींत मात्र ते करी. म्हणजे ॲड्रिनलच्या पेशीत असे काहीतरी होते की ज्यावाचून ग्राही प्रथिन जालिकेतून बाहेर पडूच शकत नव्हते.

ते काहीतरी २००५ साली लंडनमध्ये डॉ. क्लार्क यांच्याच गटातील लुईस मेथेरेल व सहकाऱ्यांना सापडले. एकविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकातून एक लहानसे प्रथिन तयार होते. त्याचे नाव 'एमआरएपी', ग्राहीचे साहाय्यक प्रथिन. त्याचे दोन रेणू परस्परांच्या उलट दिशेस तोंड करून जोडी करतात आणि ग्राहीला जालिकेतून पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवतात. निरोप ओळखण्याच्या कामातही त्यांची मदत होते. हे साहाय्यक प्रथिन नसेल तर ग्राही कितीही निर्दोष असले तरी जालिकेत अडकून राहते, आणि एसीटीएचचा निरोप बंद दारावरून परत जातो.

पुढे २००८ साली त्याच गटाने ग्राहीच्या जनुकातील निरनिराळे दोष तपासले. त्यांतील बहुतेक दोषांत ग्राही तयार होत होते, परंतु पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचत नव्हते. थोड्याच दोषांत ते पृष्ठभागावर येऊनही निरोप ओळखत नव्हते. आज या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ग्राही किंवा त्याचे साहाय्यक प्रथिन यांपैकी एकात दोष सापडतो. उरलेल्यांत इतर जनुके कारणीभूत असतात. आमच्या रुग्णाचा नमुना बाहेरील प्रयोगशाळेत पाठवला असता साहाय्यक प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे कळले.

एक टक्क्याचे मोल

ॲड्रिनलचा सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक विकार मात्र निराळा आहे. त्यास जन्मजात ॲड्रिनल अतिवृद्धी म्हणतात. यात निरोप पोहोचतो, पण कॉर्टिसॉल घडवणाऱ्या कारागिरांपैकी एक जण कमी पडतो. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत हा कारागीर म्हणजे '२१-हायड्रॉक्सिलेज' नावाचे विकर असते. ते सुमारे पाचशे अमिनो आम्लांचे असून आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातच बसून काम करते. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके त्याच्या हातून जातात. ते काम करीना म्हणजे कच्चा माल साचतो आणि तिसऱ्या वाटेने पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. निरोपांचा मारा चालूच असल्याने ग्रंथी मात्र फुगत जाते.

या विकराच्या जनुकातील दोष अनेक प्रकारचे आहेत. काहींत ते मुळीच तयार होत नाही. काहींत एकच अमिनो आम्ल बदलल्याने घडी सैल पडते, विकर पटलात नीट बसत नाही किंवा लवकर मोडीत निघते. अशा वेळी काम किती टक्के उरले यावर सारे अवलंबून असते. हिशेबनीस म्हणून आम्हास ही गोष्ट फार लक्षणीय वाटली. काम शून्यावर आले तर शरीरातील मीठ वाहून जाते आणि बाळ जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच उलट्या, शुष्कता व क्षारांच्या बिघाडाने अत्यवस्थ होते. साखळीतील १७२ व्या जागेवरील एका सुपरिचित बदलात एक ते दोन टक्के काम उरते. अल्डोस्टेरॉन अत्यल्प प्रमाणात लागत असल्याने एवढ्यावरही शरीराचे मीठ बहुधा टिकते, बाळ जगते. मात्र पुढे पुरुषी संप्रेरकांचा त्रास होतो. वीस ते पन्नास टक्के काम उरले तर आजार सौम्य असतो व कधी कधी तारुण्यातच लक्षात येतो. एका टक्क्याने बाळाचे प्राण वाचतात ते असे.

आजार तीव्र असता मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची ठेवण जन्मतः निराळी दिसू शकते. अशा वेळी घरच्यांनी संकोच न बाळगता त्वरित बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलगा मात्र जन्मतः निरोगीच दिसतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्यात असतो. अनेक देशांत जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन प्रत्येक बाळाची ही तपासणी केली जाते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी करवली. तीत सुमारे ५,७०० बालकांमागे एकास हा विकार आढळला. प्रसूतिगृह चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेस हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही.

आणखी दोन विकार

काही मुले रडतात, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. पुढे त्यांना घास गिळण्यास त्रास होतो आणि ॲड्रिनलही मंदावते. या तीन लक्षणांचा आजार डॉ. जेरेमी ऑलग्रोव्ह यांनी १९७८ साली नोंदवला. त्याचे जनुक २००० साली सापडले. त्यातून होणारे 'अलादिन' नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकाच्या दारांवर बसावयाचे असते. अनेक दोषांत ते तेथे न बसता पेशीत इतरत्र पसरून राहते. येथेही चूक आहे ती जागेची. आईने सहज म्हटलेले "हिला रडताना पाणीच येत नाही" हे वाक्य डॉक्टरांसाठी मोलाचे ठरू शकते.

दुसरा विकार मुख्यतः मुलग्यांत आढळतो. ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हे त्याचे नाव. पेशीतील पेरॉक्सिझोम नावाच्या सूक्ष्म कोशांत अतिदीर्घ मेदाम्ले नेऊन पोहोचवणारे प्रथिन यात नसते किंवा तयार होऊनही टिकत नाही. ही मेदाम्ले साचून ॲड्रिनल व मेंदू दोहोंस इजा करतात. कित्येकदा ॲड्रिनलची लक्षणे मेंदूच्या लक्षणांआधी दिसतात. म्हणून एखाद्या मुलग्याची ॲड्रिनल मंद असून कारण कळत नसेल, तर या मेदाम्लांची रक्ततपासणी करून घ्यावी, असे आमचे डॉक्टर आग्रहाने सांगतात.

चूक कोणाची?

निदान समजल्यावर त्या मुलीची आई आमच्या कार्यालयात आली. बिलाचा कागद टेबलावर ठेवून तिने विचारले, "साहेब, आमच्याच हातून काही पाप घडलं का हो?"

हा प्रश्न मनात घेऊन अनेक आया रुग्णालयातून घरी जात असतील, म्हणून उत्तर येथे स्पष्ट लिहितो. कोणाचेही पाप नाही, कोणाची दृष्ट नाही, गरोदरपणातील खाण्यापिण्याचा वा ग्रहणाचा संबंध नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागवते. असा मनुष्य निरोगी असतो, त्यास वाहक म्हणतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळास दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने सुरू होतो. ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीत हा हिशेब निराळा असतो, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे व ते मुलग्याकडे आईकडूनच येते.

नात्यात विवाह झाला असता दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. या मुलीचे आईवडील एकमेकांचे आतेभाऊ-मामेबहीण आहेत. हे सांगण्यात दोष देण्याचा हेतू नाही. आपल्याकडे कित्येक घरांत ही सोयरीक आनंदाने होते. अशा घरात एखादे मूल अकारण दगावले असल्यास पुढील बाळाच्या वेळी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, एवढीच विनंती.

या कुटुंबात त्या वेळी सहा महिन्यांचा एक मुलगाही होता. हसरे, बाळसेदार मूल. बहिणीचे निदान होताच त्याचेही रक्त तपासले. त्याचाही एसीटीएच कित्येक पटींनी वाढलेला निघाला. पहिली आकडी येण्याआधीच त्याचे औषध सुरू झाले, आणि हा लेख लिहीपर्यंत त्यास एकही आकडी आलेली नाही.

उपचार आणि काही पथ्ये

कॉर्टिसोनच्या शोधकार्याबद्दल केंडाल, राइशस्टाइन व हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून या आजारांतील मुले जगू लागली. आज मुलांना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बहुधा दिवसातून तीन वेळा दिली जाते. मीठ वाहून जात असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन जोडीला लागते. औषध जन्मभर घ्यावयाचे असते. नातेवाईकांनी पुढील गोष्टी मनावर कोराव्यात.

१. 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकून घाबरून गोळी बंद करू नये. येथे शरीरात जे नाही तेवढेच भरून काढले जाते. अचानक बंद केल्यास जिवावर बेतते.

२. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवूही नये. अधिक मात्रेने उंची खुंटते व वजन वाढते. म्हणून ठरलेल्या तारखेस उंची व वजन मोजण्यास यावे.

३. ताप, अपघात, शस्त्रक्रिया वा दात काढणे अशा प्रसंगी निरोगी शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवते. या मुलांचे वाढवू शकत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी कार्डावर लिहिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करावी.

४. उलट्या होत असतील, मूल गळून गेले असेल वा शुद्ध हरपत असेल तर गोळीची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मांडीत द्यावे व थेट रुग्णालय गाठावे. इंजेक्शन घरी ठेवावे आणि ते कसे द्यावे हे घरातील दोघांनी तरी शिकून घ्यावे.

५. शाळेतील शिक्षकांस कार्डाची एक प्रत द्यावी.

चुकलेल्या घडीवरच इलाज करता येईल का, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात अडकलेल्या प्रथिनास घडी पडण्यास मदत करून पृष्ठभागावर पोहोचवणारी औषधे २०१५ पासून उपलब्ध झाली आहेत. ॲड्रिनलच्या विकारांसाठी असे औषध अद्याप नित्य उपचारात आलेले नाही. जन्मजात अतिवृद्धीच्या रुग्णांसाठी क्रिनेसरफाँट नावाच्या औषधास अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते विकराची घडी सुधारत नाही. एसीटीएचचा मारा कमी करून हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा कमी ठेवण्यास साहाय्य करते. सारांश, आज तरी साधी गोळी हाच आधार आहे.

आमच्याकडील उणीव आणि विनंती

त्या तीन केसपेपरांविषयी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. पहिल्या दोन्ही खेपांना साखरेचा आकडा लिहिला गेला होता. परंतु प्रत्येक भेटीस नवा क्रमांक देण्याच्या आमच्या पद्धतीमुळे ते कागद कधी एकत्र आलेच नाहीत. ते सांभाळून ठेवले ते आईने. ही त्रुटी डॉक्टरांची नसून प्रशासनाची, म्हणजे आमची होती. विश्वस्त मंडळाच्या संमतीने आता बालरोग विभागात प्रत्येक मुलास कायम एकच क्रमांक दिला जातो. तसेच साखर कमी होऊन आकडी आलेल्या प्रत्येक मुलाचे रक्त कॉर्टिसॉलसाठी राखून ठेवावे, अशी सूचना अपघात विभागात लावली आहे. मूल अत्यवस्थ असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, हेही तीत नमूद आहे.

देणगीदारांकडे आम्ही यंदा या कामासाठी मोठे यंत्र मागत नाही. गरज आहे ती चार गोष्टींची : गरजू मुलांसाठी संप्रेरकांच्या रक्ततपासण्या, वर्षभराच्या गोळ्या, घरी ठेवावयाचे इंजेक्शन व कार्ड, आणि ज्या घरात मूल दगावले आहे त्या घरासाठी जनुकीय तपासणी. यांत खंड पडून चालत नाही, कारण एका महिन्याचा खंडही एखाद्या मुलास पुरेसा ठरू शकतो. म्हणून एकरकमी देणगीइतकेच लहान परंतु नियमित साहाय्य आम्हास मोलाचे वाटते.

ती मुलगी आता पाच वर्षांची आहे. हिरड्यांचा काळेपणा बराच निवळला आहे. तपासणीस येते तेव्हा आपले कार्ड स्वतःच्या हाताने खिडकीवर देते, आणि मागून आई तिचा तो एकच क्रमांक तोंडपाठ सांगते.



आपले नम्र,
रुग्णालय प्रशासन